हौदातला दिवा

संत्र्याचा वास मला सोसत नाही. नागपुरात राहून असं म्हटलं की लोक वेड्यात काढतात. काढोत बापडे. माझ्या सासूबाई आणि मी, आम्ही दोघींनी पुढे घरात संत्रं आणलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही रामदासपेठेत राहायचो, आमचे हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. काटोलला माझ्या माहेरची बाग. तिथे गळलेल्या फळांचे आणि सालींचे ढीग सडताना पाहिले आणि यांच्या डोक्यात शिरलं, की या कचऱ्यातून अ‍ॅसिटिक आम्ल काढायचं. रंगवाल्यांना लागतं, रबरवाल्यांना लागतं, मग फेकायचं कशाला? नोकरी सोडून काटोल रोडला शेड घेतली आणि जमिनीत पायऱ्यांचा खोल सिमेंटी हौद बांधला. सालीतलं तेल आधी काढायचं, नाहीतर यीस्ट मरतं. मग चोथा हौदात आंबवायचा, त्यातल्या साखरेची दारू होते. ती दुसऱ्या टाकीत हवेवर ठेवली की जिवाणू तिचं आम्ल करतात. हे सांगताना यांचा चेहरा असा फुलायचा, की ऐकणाऱ्यालाही हुरूप यावा.

मला मात्र तो हौद पहिल्यापासून आवडला नाही. झाकण उचललं की आतून सारखी बुडबुड ऐकू यायची. आंबताना निघणारा वायू हवेपेक्षा जड असतो, तो आतच साचून राहतो, आणि त्याला रंगही नाही. म्हणून आत उतरण्याआधी मोठा पंखा लावून पाइपाने हवा सोडायची, हा यांचाच कडक नियम होता. दिवसभर तो पंखा घरघरत असायचा. इतका, की कानांनी त्याची दखल घेणं सोडून दिलं होतं.

सासूबाई ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, लग्नकार्यात जागा मागच्या खोलीत. ते बघत हे मोठे झाले होते. शकुन-अपशकुन हे शब्द नुसते कानावर पडले तरी यांचं पित्त खवळायचं. शेडमधली पहिली खंडेनवमी आली तेव्हा यांनी जाहीर केलं, की यंत्रांची पूजा माझी आईच करील. सासूबाई नाही नाही म्हणत होत्या, पण कपाटातलं चांगलं लुगडं त्यांनी आदल्या दिवशीच काढून ठेवलेलं मी पाहिलं होतं.

खंडेनवमीला यंत्रांना विश्रांती असते. कामगारांनी रीतीप्रमाणे सगळं बंद करून धुतलं, पंख्याला झेंडूची माळ घातली. हौद आदल्या संध्याकाळी उपसून झाकला होता. तळाशी राहिलेला चोथा रात्रभर आंबत होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. यांच्याही नाही. शेडमध्ये इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती आणि मला ती नको नको वाटत होती.

झाकण काढलं. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं आणि वाकून दिवा आतल्या वरच्याच पायरीवर ठेवला. तो विझला. पुन्हा लावून ठेवला, पुन्हा विझला. वारा तर नव्हताच.

पाहुण्यांतली एक बाई पुटपुटली, "विधवेच्या हातचा दिवा, राहीन काहून तो?"

सासूबाईंनी विझलेला दिवा उचलून मागे घेतला. हे लालबुंद झाले. "माय, दे तो दिवा इकडे. मी तळाशी ठेवून येतो. पाहू कसा विझते तो."

मला एकदम माहेरची विहीर आठवली. गाळ काढायला उतरण्याआधी वडील दोराने कंदील सोडायचे. कंदील विझला म्हणजे आत श्वास घेण्याजोगी हवा नाही, मग त्या दिवशी कुणी उतरत नसे. मी ओरडले, "अहो, उतरू नका! दिवा विझला ना!"

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "तुले पण हेच वाटून राहिलं काय वं?"

आवाजात राग नव्हता. दुखावले होते. आणि ते उतरले. अर्ध्या पायऱ्यांवर गुडघे दुमडले, दिवा हातातून सुटला. एक कामगार मागोमाग धावला, त्याचा सदरा मी दोन्ही हातांनी धरून ठेवला. दुसऱ्या कुणी माळ ओरबाडून पंखा सुरू केला. हवा खेळून त्यांना वर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

सासूबाईंनी त्यानंतर देवापुढे दिवा लावला नाही. मला ते बघवेना. वायूने गेले, तुमच्या हाताने नाही, असं किती वेळा सांगितलं. शेवटी एकदा खोल बादलीत गूळपाण्यात यीस्ट घालून आंबवलं, वर ताट झाकून ठेवलं, आणि त्यांना समोर बसवून ताट हळूच सरकवलं. पेटती वात चिमट्याने आत सोडली. ती विझली. दुसरी सोडली, तीही विझली.

"पाहा," मी म्हटलं, "या वेळी दिवा माझ्या हातात होता. तुमचा हात लागला तरी का?"

त्यांनी ताट पुन्हा बादलीवर सरकवलं. मग माझ्या कुंकवाविना मोकळ्या कपाळावरून बोटं फिरवत म्हणाल्या, "पोरी, आता तुहाही हात माह्यासारखाच झाला ना वं."