दोन कार्डांचा मामा

आमचा मामा काम करतो तिथे सिनेमांवर आवाज चढवतात. मामाचा आवाजाशी संबंध नाही. तो तिसऱ्या मजल्यावरच्या गार खोलीत स्वेटर घालून बसतो. त्या खोलीत लोखंडी कपाटांमध्ये डिस्का लुकलुकत असतात आणि सगळे सिनेमे त्यांच्यावर साठवलेले असतात. खालच्या मजल्यांवरची मंडळी फाइल उघडतात आणि ती आपल्याच टेबलात असल्याच्या थाटात वावरतात. खरं तर ती येते मामाकडून, वायरीवरून. वायर मशिनात जिथे शिरते ते नेटवर्क कार्ड, म्हणजे मशिनाचं दार. हे मामा कुणालाही समजावून सांगतो, आणि सांगायला लागला की आवरत नाही. त्याचं लग्न रखडलं त्यात याचाही हातभार असावा.

मामाचा नियम असा, की प्रत्येक मशिनाला दोन कार्डं, दोन वायरी, दोन वाटा. एक गेली तरी दुसरी चालू. हा नियम त्याच्या इतका अंगात भिनलाय की दात दुखला तरी तो दोन डॉक्टरांची वेळ घेतो.

खालच्या मजल्यावर साउंडवाली बसते. गळ्यात हेडफोन, आणि दार आपटणाऱ्याची ती खैर ठेवत नाही. तिची फाइल अडकली की मामा धावत जायचा, फाइल सोडवायचा आणि मनातलं सोडून नेटवर्क कार्डाबद्दल बोलून परत यायचा. शेवटी त्याने मागणी घालायचं ठरवलं. अर्थात, दोन वाटांनी.

एक वाट माझी आई, म्हणजे त्याची थोरली बहीण. साउंडवालीची मावशी आईच्या शिवणवर्गात होती. दुसरी वाट इमारतीतला लिफ्टवाला. एकाचा दुसऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही, वाटा वेगळ्या म्हणजे साफ वेगळ्या, अशी मामाची सक्त ताकीद होती.

आईने मावशीच्या घरी जाऊन मुलीला सांगितलं, आमचा बंड्या कंप्युटरात आहे, पोळ्या गोल करतो, जरा भित्रा आहे. फोटो दाखवला तो मिशा असतानाचा. लिफ्टवाल्याने वर जाता जाता तिला सांगितलं, वरचे डिस्कावाले स्टोरेजसाहेब तुमचं नाव निघालं की चुकीच्या मजल्यावर उतरतात.

आठवड्याने आई तोंड पाडून आली. मुलगी नाही म्हणाली. तिला तिच्याच ऑफिसातला कुणीतरी आवडलाय.

मामाने जेवण सोडलं. त्या कुणीतरीचा शोध सुरू झाला. ॲनिमेशनवाला दाढीदीक्षित त्याच्या डोळ्यांत सलू लागला. दोन दिवस मामाने त्याच्या फाइली सगळ्यांत शेवटी पाठवल्या. अखेर न राहवून त्याने लिफ्टवाल्याला विचारलं, बाई कुणावर खूश आहेत?

"तुमच्यावर की," लिफ्टवाला म्हणाला. "विचार करते म्हणाल्यात. चौथा दाबू का तिसरा?"

मामा लिफ्टमध्येच खाली बसला. एका डिस्ककडे दोन वाटा नेल्या आणि डिस्क एकच आहे हे मशिनाला सांगणारं सॉफ्टवेअर टाकायचं राहिलं, तर मशिनाला एकीच्या दोन डिस्का दिसतात. ही चूक नवशिके करतात म्हणून मामा त्यांना फैलावर घ्यायचा. आता त्याचाच एक मामा नापास झाला होता, एक पास होण्याच्या बेतात होता, आणि खरं कळल्यावर दोघांचं मिळून काय होईल याची काही शाश्वती नव्हती.

तसाच तो साउंडवालीकडे गेला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तिने हेडफोन काढले.

"म्हणजे तो मिशावाला बंड्या तुम्ही?"

"हो."

"आणि लिफ्टमधले?"

"तेही मीच. आता कुठलं उत्तर धरायचं ते तुम्ही सांगा."

तिने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. "नाही म्हटलं ते मिशांना. त्या परत येणार आहेत का?"

"कधीच नाही."

"मग आता स्वतः विचारा. निरोपे पुरे झाले."

मामाने विचारलं. कार्डाचा क उच्चारला नाही, हे आम्हाला अजून खरं वाटत नाही. ती हो म्हणाली. तिच्यासमोरचा माईक चालू होता, त्यामुळे काचेपलीकडे आवाज द्यायला उभ्या असलेल्या नटांना हेडफोनमधून सगळं ऐकू गेलं आणि त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काच जाड होती. मामाला नुसते हात हलताना दिसले. जा म्हणताहेत असं वाटून त्याने सगळ्यांना टाटा केला आणि तो निघालाही. तिने त्याला स्वेटरला धरून परत आणला.