वलंदेजी तोफेचा मासा

पंढरीनाथ ओतारींना पहिल्यांदा बघितलं तेव्हा सुनीताला ते चक्क भंगारवाले वाटले होते. आजही सांगताना ती पोट धरून हसते. अंगणातल्या तोफेवर टकटक करून कान लावून बसलेला माणूस, दुसरं काय समजणार हो? तिनं गच्चीवरूनच हाक मारली, "भिया, बेचनी नहीं है!"

"वहिनी, दुरुस्तीला बोलावलंय मला."

मराठी ऐकून हिची जीभ दाताखाली.

तोफ वलंदेजी, म्हणजे डच लोकांची. होळकरांच्या फौजेतल्या कुणा पूर्वजाबरोबर घरात आलेली. कांशाची, आणि उचलायला पाठीवर दोन कड्या, माशांच्या आकाराच्या. त्यातला एक मासा तुटलेला. मागे गोल अक्षरांत ओतणाऱ्याचं नाव. पंढरीनाथ त्यावरून बोट फिरवत म्हणाले, "मातीचा साचा एका तोफेपुरता. तो फोडायचा, तेव्हाच ही बाहेर येणार. हिची जुळी बहीण नाही जगात."

मेणाचा नवा मासा घडवला त्यांच्या मुलानं, सुशांतनं. उरलेल्या माशाकडे बघून, अंगणातच बसून. सुनीता येता-जाता छेडायची, "काय रे, मासा आहे का सुजलेलं वांगं?" तो हसायचा आणि चिमटीनं खवले काढायचा.

दिवाळीनंतर सांवेर रोडवर ट्रकनं त्याला उडवलं. जागीच गेला.

मासा ओतारींच्या परदेशीपुऱ्यातल्या शेडमध्ये तसाच पडून. महिने गेले. सुनीतानं तगादा लावला नाही. पण मे महिन्यात राहवेना, गेली. पंढरीनाथांनी फडकं उचललं. माशाच्या पोटावर अंगठ्याचा ठसा होता.

"यावर मातीचा साचा चढवायचा, की भट्टीत मेण वाहून जाणार, वहिनी. त्या पोकळीत कांसं नीट उतरलं नाही, तर हेही गेलं."

"मग नका ना ओतू! एका माशानं तोफ काय लंगडते का?"

"ऊन बघताय ना? रोज मऊ पडतोय. ठसा पुसट व्हायला लागलाय."



ओतायच्या दिवशी ती उलट्या बादलीवर बसून होती. तापलेल्या साच्यातून मेण ठिबकायला लागलं तशी पंढरीनाथांनी पाठ फिरवली. मग कांसं ओतलं. गार होईस्तोवर दोघांनी चहासुद्धा घेतला नाही. साचा फोडताना हातोडी त्यांच्याबरोबर तिनंही धरली.

काळाकुट्ट मासा निघाला. पंढरीनाथांनी शर्टाच्या टोकानं पोट पुसलं. अंगठ्याची रेघ न् रेघ उतरली होती. ते तिथेच उकिडवे बसले.

"उजव्या अंगठ्याचा आहे," सुनीता नाक ओढत म्हणाली. काहीतरी बोलायला तर हवं.

"डाव्या."

"अहो, माझ्यासमोर बसून बनवलाय त्यानं! उजव्या."

"डावरा होता तो. जेवताना किती ओरडायची त्याची आई."

"मतलब मी खोटी?"

"लावून बघा."

तिनं उजवा अंगठा टेकवला. तिरपा बसला. मग डावा टेकवला, तो अलगद आत बसला.

"बरं बाबा, डाव्या," ती म्हणाली. "जिंकलात."