दिवस उलटलेल्या बायांची खोली

बाळंतपणाचे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ते ओल्या कणकेसारखे हाताला चिकटतात, आणि मग कितीही धुवा, नखात थोडे राहतातच. गर्भारशीसमोर वाईटसाईट बोलायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. तो पाळणाऱ्या बाया पोटुशी दिसली की आधी म्हणतात, "तुले सांगू नये, पण..." आणि मग सगळं सांगतात!

दुसऱ्या खेपेला तर मला अशाच बायांमध्ये नेऊन ठेवलं. महाराष्ट्र होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. अमरावतीचा एक बायांचा दवाखाना, त्यात मागच्या बाजूला चार खाटांची खोली. चारही जणींचे दिवस उलटलेले, निदान तसा संशय असलेला. डॉक्टरीणबाई रोज सकाळी यायच्या, पोटावर लाकडी नळी लावून ठोके ऐकायच्या आणि विचारायच्या, "काय मग, कळा आणायच्या की थांबायचं?"

माझ्या उजवीकडे शकिलाबी. चौथी खेप, नवऱ्याचं इतवाऱ्यात शिलाईचं दुकान. तिनं खोलीचं नाव 'बडनेऱ्याची वेटिंग रूम' ठेवलं होतं. "गाडी लेट है. कितनी लेट, ये टेशन मास्टर को भी नहीं मालूम. बस, गठडी पे बैठे रहो!"

डावीकडे भातकुलीची सुशीला. नवरा तहसिलीत कारकून. हिची पहिलीच खेप, पण खोलीत सगळ्यात शांत तीच. चौथी खाट बदलती.

आणि मी. पहिल्या खेपेला मी थांबले होते. ह्याच गावात, माहेरी. कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे ठरवायचा प्रश्न आला नाही. आई म्हणाली, पहिलटकरणीला उशीर होतोच. कळा आल्या त्या चांगल्या आल्या. मुलगा झाला. रडला नाही. एवढंच. त्याला किस्सा म्हणता येत नाही, कारण त्याच्या शेवटी कोणी काही बोललंच नाही.

या खेपेला मात्र विचारत होते. आणि उत्तर मलाच द्यायचं होतं.

*

आता मी मॅट्रिक. लग्नाआधी वर्षभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलेलं. खोलीत सगळ्या मला 'मॅट्रिकबाई'च म्हणायच्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेवटची पाळी कधी?"

मी म्हटलं, "धुंधुरमासाच्या जेवणाला मी बाजूला बसले होते, ते नक्की. सगळ्यांनी भाकरी-लोणी खाल्लं, मला कोपऱ्यात वाढलं. पण पुढच्या महिन्यात एक दिवस जरासा डाग दिसला होता. तो धरायचा की सोडायचा?"

डॉक्टरीणबाई पुण्याच्या. चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "हातचा धरायचा की नाही, हे गणिताच्या बाई मला विचारतात?"

त्यात त्या वर्षी अधिक महिना आलेला. आमच्याकडचा धोंड्याचा महिना. सासूबाई अकोल्याहून सकाळच्या गाडीनं आल्या त्या हिशोब तोंडपाठ करूनच. डॉक्टरीणबाईंसमोर उभ्या राहून बोटांच्या पेरांवर महिने मोजले. धोंड्याचा आला तशी अंगठ्यानं सरळ पुढच्या पेरावर उडी!

"तो का सोडला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तो देवाचा. त्यात लगन नाई, मुंज नाई. तो मोजत नसतेत! माह्या सुनेचे दिवस अजून भरलेच नाईत."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, देव मोजत नसेल. बाळ मोजतं!"

माझी पंचाईत अशी, की मला दोघींचंही पटलं होतं. धोंडा धरून मी उलटून गेलेली; पण तो डाग म्हणजे पाळीच असेल, तर जेमतेम भरलेली. म्हणजे हिशोब चुकीचा करून सासूबाईंचं उत्तर बरोबर निघण्याची सोय होती! उलटून गेलेलं मूल आत राहिलं तर काय होतं ते मला माहीत होतं. न भरलेलं बाहेर काढलं तर काय होतं, ते त्याच आठवड्यात पाहायला मिळालं.

*

चौथ्या खाटेवर तेव्हा नांदगाव खंडेश्वरची सुमित्रा होती. घरची शेती, बोलणं खणखणीत.

"पाळी कधी चुकली?"

"पराटी उपटली तवा."

पराटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहिलेली कपाशीची झाडं, हे डॉक्टरीणबाईंना कोणीतरी समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "बरं, पराटी कधी उपटतात?"

"कापूस सरला का."

"आणि कापूस कधी सरतो?"

सुमित्राला त्यांची दयाच आली. "आता ते पाण्यावर हाये ना बाई! पाणी बरं झालं त लांबते."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले. आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो.

तिचं पोट भलं मोठं दिसत होतं, पायांना सूज होती, प्रेशर वाढलेलं होतं. दिवस उलटले असंच ठरलं. एरंडेल दिलं, एनिमा दिला, गरम पाण्यानं आंघोळ घातली, आणि मग सलाईनमधून कळांचं औषध. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. पोट मोठं होतं ते पाण्यानं.

तिला कापसात गुंडाळून, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या लावून ठेवली होती. सुमित्राच्या सासऱ्याला ते कळलं तसा तो गावी गेला आणि वातींसाठी राखून ठेवलेला घरचा कापूस, सरकी हातानं काढून, फडक्यात बांधून घेऊन आला. तोवर गरज उरली नव्हती.

घरी जाताना सुमित्रा डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "तुमचा काई दोष नाई बाई. दोन वेचण्यांचा फरक पडला."

त्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी आमच्या खोलीत कोणालाच काही विचारलं नाही.

*

शकिलाबीचं एरंडेल मात्र सगळ्या दवाखान्यात गाजलं!

मोसंबीच्या रसात कालवून दिलेलं ते एका घोटात पिऊन तिनं विचारलं, "ये दवा है के सजा?" मग दिवसभर तिची खोली ते मोरी, मोरी ते खोली अशी वरात चालली. प्रत्येक वेळी दारातून जाताना आम्हाला सलाम! संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. "काय शकिलाबी, आल्या का कळा?"

"क्या बताऊं बाईसाब! सारा घर खाली हो गया, एक किरायेदार नहीं निकलता!"

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. म्हणाल्या, उद्या सलाईन लावू. शकिलाबीनं हात जोडले. "नको बाईसाब. किरायेदार शरीफ है. खुद जाएगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाटेवर बसून चहा पीत होती. बशी माझ्या हातात दिली, म्हणाली, "जरा पकड," आणि आडवी झाली. सिस्टर हातमोजे घालेपर्यंत किरायेदार बाहेर! शकिलाबीनं मग माझ्याकडून बशी परत मागितली आणि उरलेला चहा संपवला.

मी तेव्हाच ठरवलं, थांबायचं. ते ठरवणं दुपारपर्यंत टिकलं.

*

दुपारी हे अकोल्याहून आले. आमच्या घरात मिठाचा डबा कुठल्या फळीवर ठेवायचा हेसुद्धा ठरवणारा माणूस! मी सगळं सांगितलं. धोंडा, डाग, सुमित्रा, शकिलाबी. ह्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "तू म्हणशील तसं."

लग्नाला चार वर्षं झाली होती. हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तेही नेमकं नको तेव्हा!

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, मी चहा घेऊन येतो."

चहाची टपरी दवाखान्याच्या दारातच होती. चहा आला तेव्हा पार गार झालेला, वर साय धरलेली. मागल्या खेपेला त्याला फडक्यात घेऊन गेले ते हेच होते. कुठं नेलं ते मी कधी विचारलं नाही, ह्यांनी कधी सांगितलं नाही.

मी तो गार चहा सगळा प्यायले.

*

सुमित्राच्या खाटेवर मग सराफांची सून आली. तिचं प्रकरण अगदी सरळ होतं. तारीख पक्की, दिवस भरपूर उलटलेले, डॉक्टरीणबाई म्हणाल्या आजच कळा आणू. पण पितृपंधरवडा संपत आला होता, आणि तिचे सासरे दारात उभे.

"पितरांत नाही! आपोआप आला तर पितरांची मर्जी. आपण होऊन पितरांत बोलवायचं नाही. घट बसू द्या, मग काय करायचं ते करा."

डॉक्टरीणबाई परोपरीनं सांगून थकल्या. ती सून बिचारी सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर नीट करत बसली होती. तिला कोणी विचारलं नाही. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू!

सुशीला माझ्या कानाशी लागून म्हणाली, "दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरी पंचांगच नाई. त्याच्यानं मले घाबरायचं असलं, तर कोन्त्याही दिवशी घाबरता येते!"

घट बसले. त्याच सकाळी सराफांच्या सुनेला आपोआपच कळा सुरू झाल्या. सासरे खूश. प्रसूतीच्या खोलीबाहेर खिशातलं घड्याळ तळहातावर धरून उभे राहिले. पहिलं रडं ऐकू आलं की पत्रिकेसाठी वेळ बघायची.

आत सगळं उरकलं. सिस्टर बाहेर आली, आत गेली, परत बाहेर आली. सराफ घड्याळाकडे पाहत उभेच.

शेवटी माझ्या सासूबाई उठल्या, त्यांच्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, ते ठेवून द्या आता."

*

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आम्हा उरलेल्या दोघींकडे आल्या. सुशीलाला म्हणाल्या, "तुमचा हिशोब पक्का आहे. थोडेच दिवस वर झालेत, ठोके छान आहेत. आणल्या तरी चालेल, थांबलात तरी चालेल." मला म्हणाल्या, "मला विचाराल तर आणू या. पण तो डाग मी पाहिलेला नाही. तुम्ही पाहिलाय."

म्हणजे आलं परत माझ्यावरच!

त्या गेल्यावर मी सुशीलाला विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मी तुमच्या जागी नाई ना. तुमचं एक गेलं हाये. मॅट्रिकबाई, तुमच्यानं आता वाट पाहनं होत नाई. रात्रंदिवस पोटावर हात ठेवून बसता. ते आत काय करून राह्यलं, ते त्याचं त्याले माहीत. पन तुमी नाई टिकाच्या."

"आणि तुम्ही?"

"मी थांबतो. माह्यं मस्त लाथा मारून राह्यलं."

मी डॉक्टरीणबाईंना निरोप पाठवला, तो डाग सोडून द्या. गणितात इतकं बेधडक मी कधी काही सोडलं नव्हतं. सासूबाईंना सांगितलं तेव्हा वाटलं, आता धोंडा निघणार. त्यांनी पायात चपला घातल्या आणि अंबादेवीला गेल्या.

*

आणलेल्या कळा आलेल्या कळांसारख्या नसतात. दोन कळांमध्ये बाईला श्वास घ्यायची सवड असते, ती त्यांना ठाऊकच नसते. सकाळी सलाईन लावलं, आणि दुपारी मी आईला, ह्यांना, डॉक्टरीणबाईंना, सगळ्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

प्रसूतीच्या खोलीत दोन टेबलं होती, मध्ये पांढरा पडदा. ऊन कलायला लागलं तेव्हा पलीकडच्या टेबलावर कोणालातरी आणलं. धापा ऐकू आल्या आणि मग आवाज, "आलो बरं का मॅट्रिकबाई! तुमचं पाहून माह्यालेही घाई सुटली!"

सुशीला! तिच्या कळा आपोआप आल्या होत्या. मी हसले. हसता हसता कळ आली, म्हणून ओरडले. तिकडून तीही ओरडली. सिस्टर म्हणाली, "अहो बायांनो, एक एक करून!"

पण ते काही एक एक करून झालं नाही. डॉक्टरीणबाई पडद्याच्या अलीकडे होत्या, मग पलीकडे, मग परत अलीकडे. माझ्या अंगातून सगळं ओढून काढल्यासारखं झालं, त्याच सुमाराला सुशीलाची एक लांब किंकाळी आली, आणि मग खोलीत बाळाचं रडणं ऐकू आलं.

एकाच बाळाचं.

मला कळेना, आवाज कुठून येतोय. डोळ्यांसमोर अंधारी होती. पडद्यामागे धावपळ चालली होती. पाण्याचा आवाज, थापट्यांचा आवाज. डॉक्टरीणबाईंचं "अजून, अजून एकदा." पलीकडून सुशीला विचारत होती, "कोनाचं रडलं? बाई, कोनाचं रडलं?"



मग सिस्टरनं माझ्या छातीवर काहीतरी ठेवलं. ओलं, गरम, लालबुंद. मुलगी. तोंड मोठ्ठं उघडून, सगळं अंग थरथरवत ओरडत होती.

पडद्यामागच्या थापट्या थांबल्या. नळाचं पाणी थांबलं. आता सगळ्या खोलीत फक्त हिचाच आवाज. मी तिला छातीशी घट्ट धरलं, तिच्या तोंडावर पदर ओढला आणि "शू, शू" करत राहिले. ती आणखीच जोरात रडायला लागली.

पलीकडून सुशीलाचा आवाज आला, अगदी सावकाश.

"मॅट्रिकबाई, रडू द्या लेकराले. चूप नका करू."