रंगूबाईच्या हातातले कॉक

रिठदच्या शिवारात तीन घरांची मिळून एक विहीर आहे. मोटर रंगूबाईच्या वावरात, म्हणून खेमा आणि जगदेव यांच्याकडे जाणाऱ्या पाइपांचे कॉक, म्हणजे पाणी कमीजास्त करायच्या चाव्याही तिच्याच हाती. तिघंही भाजीपाला पिकवून रिसोडला विकतात. नवरा गेल्यावर पाणी सोडायचं काम रंगूबाईनं आपणहून घेतलं आणि फोननं हैराण झाली.

जगदेवचं वावर सगळ्यात लांब. "काकू, पाणी नाई येऊन राह्यलं," असा त्याचा फोन आला की ती कॉक वाढवायची. पाणी तिकडं पोचायच्या आत त्याचा दुसरा फोन. ती आणखी वाढवायची. मग त्याचा हौद भरून वांग्यांत चिखल, आणि खेमाकडं धार बारीक. लगेच खेमाचा फोन. यात रंगूबाईची भेंडी तोडायची राहून झाडावरच जून व्हायची.

शेवटी तिनं दोघांना बोलावलं.

"हौदात रंगाची रेघ मारा. पाणी रेघेखाली गेलं तरच फोन करजा. मी कॉक फिरवला की पाण्याले पोचाले टाइम लागते. तवर तुमी फोन करू नका, अन् मीबी कॉकले हात लावत नाई."

"अन् फोन नाई आला तं?" खेमानं विचारलं.

"तं सारं ठीक हाये असं समजीन."

जमलं. भेंडी वेळेवर बाजारात जाऊ लागली. पुढं उन्हं तापली, पिकांना पाणी जास्त लागू लागलं, तरी जगदेवचा फोन येईना. रंगूबाई निश्चिंत होती. एकदा सरपण आणायला त्याच्या वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून गेली, तर वांगी माना टाकून उभी, हौद कोरडा.

"फोन काहून नाई केला रे?"

"फोन हौदात पडला," जगदेव तिच्याकडं न बघता म्हणाला. "मले वाटलं, लई तरास देतो म्हून तुमीच पाणी बंद केलं."

"अरे, मी असं करीन का?" तिचा आवाज चिरकला. "चालत याचं होतं ना! एकाच शिवारात तं हाओ आपुन."

ती तशीच माघारी गेली, त्याचा कॉक पुरता उघडला आणि पाणी पोचेपर्यंत विहिरीपाशी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी जगदेवनं फोन दुरुस्त करून आणला आणि नियमात भर पडली. पाणी असो नसो, सकाळी दोघांनी एक मिस कॉल द्यायचा. आला नाही तर रंगूबाई स्वतः बघायला जाणार.

जगदेवच्या कडेच्या दोन ओळी वाळल्या, बाकीची वांगी सावरली. वाळलेल्या जागी त्यानं मिरची लावली. रोपं रंगूबाईनं दिली.