द्वारकेची गाडी नागपूरकडे

मलकापूर स्टेशनवर आम्हा दोघी बहिणींना पोचवायला दोन जीप भरून बायका आल्या होत्या. माझी थोरली बहीण माई गळ्यात झेंडूचा हार घालून मधोमध उभी होती आणि "द्वारकाधीश की जय!" असा गजर चालला होता. मी मात्र खाली मान घालून पिशव्या मोजत होते, कारण आम्ही द्वारकेला चाललोच नव्हतो. आम्ही चाललो होतो अंदमानला, समुद्रात डुंबायला!

हा सगळा घोळ एका शब्दाने केला.

मी जानेफळला राहते, शिवणकाम करते. गेल्या वर्षी माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं की एकदा तरी नारळाच्या झाडाखाली, गरम वाळूत, काहीएक काम न करता पडून राहायचं. आणि तेही माईला घेऊन. आई गेल्यावर माईनेच मला लहानाचं मोठं केलं. धामणगाव बढ्यात दिलेली ही बाई आजवर जिथे गेली तिथे काहीतरी कारणाने गेली. लग्न, बाळंतपण, मयत, नाहीतर नवस. नुसत्या मजेसाठी ती मलकापूरच्या बाजारातही गेली नव्हती.

बेट निवडायला आम्ही तिच्या ओट्यावर मोबाइल घेऊन बसलो. मी बालीचं नाव काढलं, तर म्हणाली, "बळी जाले माणूस सोताच्या पायानं जाते का व?" मालदीवची पाण्यावरची लाकडी घरं दाखवली. "अन रात्री झोपेत पडली मंजे?" लक्षद्वीप नाव तिला फार गोड वाटलं, पण तिथे जायला परवाना लागतो म्हटल्यावर बिनसलं. "आंघोळीले कायचा परवाना?" शेवटी मी अंदमान म्हणाले. माई ताडकन उठली.

"काळ्या पाण्याले? म्या कोनाचा मुडदा पाडला?"

झालं! मग मी नाव घेणंच सोडलं. निळ्या पाण्याचा एक फोटो तिच्यापुढे धरला आणि विचारलं, "माई, हे बेट. जाचं का?"

"बेट!" तिचे डोळे चमकले. "हाव व, बेटाले काऊन नाई? आधीच सांगाचं ना!"

मी लगेच तिकिटं काढून मोकळी झाले. आमच्याकडे 'बेट' म्हणजे बेट द्वारका, दुसरं नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी धामणगावला पोचले, तर ओसरीवर तुळशीच्या माळा, अबीर-बुक्का आणि शेजारच्या शांताकाकूंनी देवासाठी दिलेला शेंडीचा नारळ! गावभर वर्दी गेली होती. मी माईला आत नेलं, दार लोटलं आणि खरं काय ते सांगून टाकलं.

"मंजे तिथं देव नाई?" माईने विचारलं.

"नाई. नुसता समुद्र."

"नवस-बिवस?"

"काहीच नाई. पाण्यात खेळाचं अन वापस याचं."

ती बराच वेळ नारळाची शेंडी पिंजत बसली. मला वाटलं, गेलं आपलं बेट पाण्यात. साठी उलटलेल्या बाईने नुसतं खेळायला जायचं, हे तिला स्वतःलाच पटवायचं होतं आणि ते माझ्या हातात नव्हतं. मग तिने दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "गावाले सांगजो नोको."

तर असं ते मलकापूर स्टेशन. गाडी आली. आमची जायची होती हावड्याला, तिथून पुढे विमान. आम्ही चढलो, गजर झाला, गाडी हलली आणि नागपूरच्या दिशेने निघाली. मग शांताकाकूंचा खणखणीत आवाज आला, "अवं माई, द्वारका त भुसावळकडं! हे गाडी इकडं कुठी जाऊन राह्यली?"

माईने खिडकीतून डोकं काढलं. "लांबच्या रस्त्यानं चाल्लो व!"

आणि आत वळून ती अशी हसायला लागली, की समोरच्या बाकावरच्या बंगाली बाई घाबरून पाण्याची बाटली पुढे करायला लागल्या. अकोला येईपर्यंत आमचं हसू थांबलं नाही.

विमानात माई खिडकीला नाक लावून बसली. खाली पाणीच पाणी. पुढे बोटीने अंदमानातल्याच स्वराज द्वीपला जाताना मला ओकाऱ्या झाल्या आणि माई मात्र डेकवर उभी राहून दशम्या (दुधात पीठ भिजवून केलेल्या भाकरी) न् शेंगदाण्याची चटणी खात होती. "बैलगाडीत बसलेली बाई हाये मी," म्हणे.

किनाऱ्यावर पोचलो. पांढरी वाळू, मागे उंच झाडी आणि पुढे ते पाणी. माई माझा पंजाबी ड्रेस घालून उतरली, जन्मात पहिल्यांदा. पहिली लाट आली आणि तिला बसवून गेली. नाकातोंडात पाणी! मी धावले, तर ही खिदळतेय.

"काळं पाणी म्हन्ते? निळंशार हाये व! काऊन खोटं बोलतेत लोक?"

दुसऱ्या दिवशी तिला शांताकाकूंचा नारळ आठवला. देव नाही तर नाही, समुद्राला देऊ म्हणाली. हात जोडून पाण्यात सोडला. लाटेने तो परत आणून तिच्या पायाशी ठेवला. तिने पुन्हा फेकला, तो पुन्हा आला. शेजारी शहाळी विकणारी बाई पोट धरून हसत म्हणाली, "अम्मा, समुंदर आपके साथ खेल रहा है।" मग काय विचारता! फेक आणि झेल, फेक आणि झेल, ऊन कलेपर्यंत तोच खेळ. माझी माई लहानपणी कशी दिसत असेल ते मला तिथे दिसलं. माझ्या जन्माआधीची. मला रडू आलं आणि मी तोंड धुतल्यासारखं केलं.

घरी परतलो तर मावंदं (यात्रेहून आल्यावर गावाला घालायचं जेवण) वाट पाहत होतं. माईच्या सुनांनी गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी असा बेत केला होता. बायका माईच्या पाया पडायला रांगेने आल्या. सगळ्यांत पुढे शांताकाकू.

"माहा नारळ देवाले पोचला का व?" त्यांनी विचारलं आणि वाकल्या.

माईने पाय झटकन मागे घेतले. "थांबा. ह्या पायाले देवाचं काही लागलं नाई. नुसती रेती लागली. आमी द्वारकेले गेलोच नाई, अंदमानले गेलतो. पाण्यात खेळलो. बस."

माईचा चेहरा लालबुंद. मी हातातलं वाढणं तसंच धरून उभी. माईने पिशवीतून तो नारळ काढला आणि शांताकाकूंच्या हातात ठेवला. "समुद्रानं वापस केला."

शांताकाकूंनी तो उलटसुलट पाहिला. जोत्यावर आपटला. खोबऱ्याचा तुकडा सालीसकट तोंडात टाकला आणि चावत राहिल्या.

"खारट हाये," त्या म्हणाल्या. "गाडी नागपूरकडं गेली तवाच समजलं होतं मले." मग त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"पुढच्या बारीले मी सोताच येतो. पाहू मले कसा वापस करते थो."

तेव्हापासून गावातली कुठलीही बाई भेटली की मला एकच विचारते, आता बेट कोणतं? आणि माई म्हणते, "देव नसलेलं पाह्य. खेळाले जागा राह्यते."