महादेवाकडे पाठ करून

बसमध्ये कंबर मोडेपर्यंत बसून एवढ्या लांब समुद्रकाठच्या महादेवाला गेले आणि त्याच्याच दारात त्याच्याकडे पाठ करून बसले, हे आमच्या गावात अजून कोणाच्या पचनी पडत नाही. भजनी मंडळात टाळ धरणारी, एकही सोमवार न चुकवणारी बाई देवावरच फुगून बसते म्हणजे काय? हो, बसले. हे लिहितानाही तो राग पुरता गेलेला नाही आणि जायला हवा असं मला वाटतही नाही. पण त्या रागात मला जे मिळालं ते आधीच्या कुठल्याच दर्शनात मिळालं नव्हतं. त्याला चमत्कार म्हणायचं की योगायोग, ते वाचणाऱ्यानं ठरवावं. मी आपलं जसं झालं तसं सांगते.

आमचं गाव मूर्तिजापूरपासून जवळच. घरी झेंडू आणि शेवंतीचा मळा आहे, फुलं अकोल्याच्या बाजारात जातात. मार्गशीर्षातले गुरुवार सरले आणि फुलांची मागणी उतरली की आमचं मंडळ कुठेतरी यात्रेला निघतं. यंदा शोभाबाईंनी कोकणातला महादेव ठरवला. शोभाबाई मंडळाच्या प्रमुख. बस ठरवण्यापासून कोणी कुठे बसायचं इथपर्यंत सगळं त्याच बघतात आणि त्यांच्यापुढे बोलायची कोणाची छाती नाही. पण मंडळाचा गळा म्हणाल तर तो सुनंदाचा. आमच्या शेजारची ही पोर लग्न होऊन गावात आली तेव्हापासून गाते. तिनं सूर धरला की आम्ही नुसत्या मागून चालायचं. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. तेव्हापासून पुढे बसणारी सुनंदा मागच्या रांगेत बसायला लागली. तिला मागे बस असं कोणी सांगितलं नव्हतं आणि पुढे ये असंही कोणी म्हटलं नाही. आवाज मात्र तिचा सगळ्यांना हवाच होता.

आमच्यापैकी बहुतेकींनी समुद्र तोवर टीव्हीवरच पाहिला होता. देवळात जाण्याआधी आंघोळ करायची म्हणून सकाळीच सगळ्या किनाऱ्यावर उतरलो. आमच्याकडे पौषातल्या रविवारी पूर्णा नदीवर आंघोळीला जातात, तेव्हा बायका अंगावरचं सोनं काढून एका फडक्यात बांधतात, ती पुरचुंडी काठच्या वाळूत पुरतात, वर काडी रोवतात आणि आंघोळ न करणारी एक बाई राखणीला बसवतात. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं आहे आणि काही हरवल्याचं कधी ऐकलं नाही. शोभाबाईंनी इथंही तेच करायला लावलं. मंगळसूत्रं, कानातले, अंगठ्या सगळं एका फडक्यात गेलं. पाण्यापासून बऱ्यापैकी लांब वाळू उकरून त्यांनी ते पुरलं, एक काडी रोवली आणि तिला तांबडी चिंधी बांधली. सुनंदाला खोकला होता, म्हणून राखणीला ती बसली.

नदीचं पाणी जिथं आहे तिथंच असतं. समुद्र चालून येतो, हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही लाटांत हसतखिदळत किनाऱ्याने पार पुढे सरकलो होतो. इकडे पाणी सुनंदाच्या पायाशी आलं. तिला वाटलं, येईल आणि जाईल. ते गेलं नाही. आमची लुगडी, चपला, पिशव्या भिजायला लागल्या तशी ती बिचारी एकटीच ते सगळं उचलून वर नेऊन टाकू लागली. दोन-तीन फेऱ्या मारून पुरचुंडीसाठी परत आली तोवर तिथं गुडघाभर पाणी झालं होतं आणि काडी कुठेतरी वाहत गेली होती.

दुपारनंतर पाणी उतरलं. आम्ही हातांनी, ताटांनी, डब्याच्या झाकणांनी जमेल तिथं उकरलं. काही मिळालं नाही. आणि मग भलतंच सुरू झालं. आधी कुजबुज. मग एक म्हणाली, वाळू काय सोनं खाते? दुसरी म्हणाली, राखणीला कोण होतं? चपलाही जिनं वाहून जाऊ दिल्या नाहीत, तिच्याकडे या बायका अशा पाहू लागल्या की जणू कधी ओळखच नव्हती. मी मध्ये पडले, भांडले, माझं कोणी ऐकेना. शोभाबाई म्हणाल्या, पिशवी पाहून घेऊ, तिच्याही मनाला बरं वाटेल. तिच्या मनाला बरं वाटेल म्हणे. सुनंदानं आपली पिशवी आपल्या हातानं वाळूवर उलटी केली.

फणी, खोकल्याचं औषध, एक पातळ, आणि पातळाच्या घडीत रुमालात बांधलेलं मंगळसूत्र.

शोभाबाईंनी ते आपलंच म्हणून झडप घालून उचललं. वाट्या त्याच, पोत तीच. तशी ती असणारच होती. आमच्या गावातल्या निम्म्या बायकांची मंगळसूत्रं मूर्तिजापुरातल्या एकाच सोनाराकडची आणि एकाच साच्यातली आहेत, हे शोभाबाईंना माझ्याइतकंच माहीत होतं.

"काकू, ते माह्यं हाय," एवढंच सुनंदा म्हणाली.

"तुह्यं?" शोभाबाई म्हणाल्या. "तुले आता मंगळसूत्र काहून लागते?"

असं बोलणाऱ्या जिभेनं ही बाई रोज संध्याकाळी देवाचं नाव घेते. सुनंदाची मान खाली गेली ती वर आलीच नाही. मी विचारलं, तिनं चोरलं असेल तर बाकीच्यांचं सोनं कुठं आहे? तर म्हणे लपवलं असेल, नाहीतर कोणाला देऊन टाकलं असेल. परमुलखात, जिथं तिला कुत्रंही ओळखत नाही, तिथं कोणाला देईल? पण राग आलेल्या माणसाला हिशेब लागत नाही, चोर लागतो. कोणीतरी मोबाईल काढून मंडळाच्या ग्रुपवर बोलून टाकलंही, की सोनं गेलं आणि सुनंदाच्या पिशवीत सापडलं. आम्ही वाळूतून पाय काढायच्या आत तिची बदनामी गावात पोचली होती. आणि शोभाबाईंनी काय केलं असेल? ते मंगळसूत्र गळ्यात घातलं आणि निदान एक तरी मिळालं म्हणून महादेवाचे आभार मानायला सगळ्यांना घेऊन देवळात गेल्या.

सुनंदा बसमध्ये जाऊन बसली. मी देवळापर्यंत गेले, पण उंबरठा ओलांडायला पाय उचलेना. आत घंटा वाजत होती. मी वळले आणि खालच्या पायरीवर गाभाऱ्याकडे पाठ करून बसले. मनातल्या मनात त्याला वाट्टेल ते बोलले. भोळा म्हणतात तुला. भोळा नाहीस, आंधळा आहेस. जिनं तुझ्यासाठी गळा सुकेपर्यंत गायलं तिला तुझ्याच दारात चोर ठरवलं, आणि ठरवणाऱ्या आत उभ्या राहून तुला बेल वाहत आहेत, आणि तू तो घेतो आहेस. मला तुझं तोंड पाहायचं नाही. त्यांना सगळ्यांच्या देखत खाली मान घालायला लाव, नाहीतर आजपासून तुझा माझा संबंध संपला. मी काही मागितलं असेल तर एवढंच, आणि तेही धमकी देऊन.

मी अशी धुसफुसत असताना एक माणूस येऊन दोन पायऱ्या खाली बसला. अर्धी पँट, कानावरून गळ्यात उतरवलेले हेडफोन, आणि हातात लांब दांड्याला गोल थाळीसारखं काहीतरी लावलेलं यंत्र. त्यानं कंबरेची पिशवी सोडून पायरीवर रिकामी केली. गंजलेले खिळे, बाटल्यांची बुचं, लहान बाळाचा एक वाळा, एक कानातलं. मी बघतच राहिले. रोजच्यासारखी दर्शनाला आत गेले असते तर त्या पायरीवर मी नसतेच, ही गोष्ट मला फार नंतर सुचली. तेव्हा फक्त विचारलं, हे काय आहे. त्यानं तुटकपणे सांगितलं, धातू शोधायचं यंत्र. इथं लोकांच्या अंगठ्या-साखळ्या पाण्यात पडतात, चार-सहा जणं शोधून देतात, त्यातला तो एक. तो घरीच निघाला होता, वाळा साफ करायला म्हणून बसला होता.

मी त्याला सगळं सांगितलं. तो माणूस काही प्रेमळ वगैरे नव्हता. माझ्यावरच खेकसला. "समुद्रात पुरून ठेवता? ही काय तुमची नदी वाटली?" मग उभा राहून म्हणाला, जागा कोण दाखवेल, लवकर चला, पाणी परत भरायला लागेल.

जागा नीट सांगू शकेल अशी एकटीच होती, तिथं राखणीला बसलेली. मी बसमध्ये जाऊन सुनंदाला म्हटलं, चल. ती म्हणाली, "मले नोको नेऊ काकू, सापडलं तरी म्हनतीन, हिनंच पुरलं होतं." मी तिचा हात धरून तिला अक्षरशः ओढतच नेलं. राखणीला बसली होती तेव्हा तिच्या पाठीमागे एक वाकडं माडाचं झाड होतं आणि डाव्या हाताला देवळाचा झेंडा. तेवढ्यावरून त्यानं अंदाज घेतला आणि पायानं वाळूत रेघा ओढून, एक रेघ संपली की दुसरी, असा थाळी फिरवत चालू लागला. ओल्या खाऱ्या वाळूत यंत्र उगाच वाजतं, असं तो पुटपुटत होता. मध्येच थांबून जाळीच्या फावड्यानं उकरायचा. बूच निघायचं, डब्याचं झाकण निघायचं. एव्हाना आमच्या बायका दर्शन आटपून येऊन लांब उभ्या राहिल्या होत्या. शोभाबाईंचा हात गळ्यातल्या मंगळसूत्रावर होता.

पाणी पुन्हा वर सरकू लागलं होतं. तो म्हणाला, आता शेवटची रेघ. आणि त्या रेघेवर, आम्ही उकरत होतो त्या जागेपासून बऱ्याच खाली, तो थांबला. थाळी मागे घेतली, पुन्हा पुढे नेली, हेडफोन काढले. फावडं दोनदा खोल घातलं आणि दुसऱ्या वेळी वाळूचं पाणी गळून गेल्यावर जाळीत फडक्याची गाठ राहिली, ओली, काळी पडलेली, पण घट्ट बांधलेली. मी ती शोभाबाईंपुढे धरली आणि म्हटलं, तुमीच सोडा. त्यांनीच बांधली होती.

एकेकीचं एकेक निघालं. आणि मध्ये, कानातल्यांत गुंतलेलं, शोभाबाईंचं मंगळसूत्र निघालं. दुसरं त्यांच्या गळ्यात होतंच. मग एकीनं महादेव पावला म्हणून हात जोडले, लगेच दुसरीनं, आणि पाहता पाहता सगळ्या त्या माणसाच्या पाया पडू लागल्या. तो वैतागून यंत्र खांद्यावर टाकून निघूनही गेला. माझ्या डब्यातल्या ठेच्याची पुडी तेवढी त्यानं घेतली. सुनंदाच्या पाया पडायचं मात्र एकीलाही सुचलं नाही. तोंडानं "चुकलं" म्हणायलाही कोणी पुढे येईना. मी महादेवाला मागितलं ते त्यानं शब्दशः दिलं होतं, सगळ्यांच्या माना खाली होत्या, आणि तेवढ्यानं सुनंदाचं काहीच भरून आलं नव्हतं. तिच्याकडे पाहिलं आणि मला पहिल्यांदा कळलं की मी मागितलं ते माझ्या रागासाठी होतं.

शोभाबाईंनी ते मंगळसूत्र गळ्यातून काढून तिच्यापुढे धरलं. नजर वाळूत. सुनंदा मोठ्यानं बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"सासूबाई हे मोडून भाच्याची अंगठी कराले मागून राहिल्या. मोडू देण्यापरीस समुद्राले देऊन टाकू म्हनून आनलं होतं. आता नाही देत. हे माह्यं हाय, ते तुमी सगळ्याईनं पाहिलं."

आणि तिनं ते घेतलं, दोन्ही हातांनी गळ्यात घातलं, मागची गाठ स्वतः बांधली. मला वाटलं आता कोणीतरी तोंड उघडेल, रीत काढेल. उघडणाऱ्याला तिथंच समुद्रात ढकलायची माझी तयारी होती. पण त्याची गरज पडली नाही. सुनंदा सरळ चालत निघाली आणि देवळाच्या पायऱ्या चढली. संध्याकाळच्या आरतीची वेळ झाली होती. तिथल्या गावच्या बायका पुढे उभ्या होत्या, त्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली, कारण त्यांच्या लेखी ती मंगळसूत्र घातलेली एक बाई होती, बाकी काही नाही. ती अगदी पुढे, गाभाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं सूर धरला.

ग्रुपवर दुसरा निरोप कोणी पाठवेना. मीच शोभाबाईंच्या तोंडापुढे फोन धरला आणि बोला म्हटलं. बोलल्या, आवाज बारीक होता तरी बोलल्या. गावात परतल्यावर सुनंदाचा गळा पाहून काय काय झालं ते वेगळं. पण ती आता मंडळात पुढे बसते आणि ते मंगळसूत्र तिच्या गळ्यात असतं.

त्या संध्याकाळी तिचा आवाज बाहेर आला तेव्हा मी अजून पायरीखालीच उभी होते. आत जावं की नको, माझं भांडण मिटलं की नाही, मलाच ठरवता येईना. मग वाटलं, मी न्याय कसा व्हावा हे सुद्धा त्याला सांगत बसले होते, आणि त्यानं माझं ऐकलं, आणि वर जे मला मागायचंही सुचलं नव्हतं ते तिला दिलं. एवढं कळल्यावर पाठ करून राहण्यात काही अर्थ नव्हता. मी आत गेले, मागे उभी राहिले आणि टाळ उचलला. राग होताच. तो तसाच त्याच्या पायाशी ठेवला आणि म्हटलं, आता याचं काय करायचं ते तूच बघ, बाबा. समोर सुनंदा गात होती आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती.