जीपवाली आत्या

गाडी चालवणाऱ्या माणसाला आत्या कधीच अहो-जाहो करत नसे. सरपंच असोत की शाळेचे हेडमास्तर, स्टेअरिंगवर बसलेले दिसले की एकदम एकेरी. "ए, हळू घे! कुनाच्या लग्नाला चाललास?" तोच माणूस खाली उतरला की पदर सावरून, "या भाऊ, पानी घ्या." मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, "स्टेरिंग हातात आलं की शान्या मानसाचं पोर व्हतं. पोराला काय अहो म्हनायचं?"

बोरी बुद्रुकला टोमॅटो तोडणाऱ्या बायकांची टोळी होती, तिची ती मुकादमीण. आदल्या संध्याकाळी आम्ही शेतकरी तिला निरोप द्यायचो आणि सकाळी टेम्पो पाठवायचो. जाताना बायका रिकाम्या हौद्यात उभ्या, येताना टोमॅटोने भरलेल्या कॅरेटच्या थप्पीवर बसलेल्या. सगळेच तसं करत. मीही करत होतो. टेम्पो माझा होता आणि चालवायचोही मीच.

एकदा आळे गावाच्या रस्त्यावर हवालदाराने आम्हाला अडवलं. "माल वाहायच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत, कायदा आहे," असं म्हणून त्याने पावती फाडली. मी दंड भरला आणि स्टार्टर मारला. तेवढ्यात थप्पीवरून आत्याचा आवाज आला, "सायेब, पावती झाली. आता आमी पडनार न्हाई ना?"

हवालदार हसला. मीही हसलो. आत्या मात्र खाली उतरली. "कायदा हाय म्हनता, मंग तो आमच्यासाठी असंल की! का नुसता पावतीसाठी?" त्या दिवशी ती एकटी घरापर्यंत चालत गेली. बाकीच्या बायकांना मी तशाच थप्पीवर बसवून आणलं.

पुढच्याच तोड्याला तिच्या टोळीतली सखू वळणावर खाली पडली. पायाचं हाड मोडलं आणि ती कायमची लंगडी झाली. दवाखान्याच्या दारात मी जे बोललो, ते आजही मला माझ्याच आवाजात ऐकू येतं. "धरून बसायला नको का?" मी म्हणालो. मी जमिनीवर उभा होतो, तरी त्या दिवशी आत्याने मला एकेरीतच विचारलं, "धरायला व्हतं काय रं? टमाटी?"

त्यानंतर तिने हट्टच धरला. कॅरेट टेम्पोत, बायका जीपमध्ये. दोन गाड्या पाठवा, नाहीतर आम्ही येत नाही. गावाने तिला 'जीपवाली आत्या' करून टाकलं आणि भर हंगामात आम्ही शेतकरी देवळासमोर जमलो. "आज जीप मागती, उद्या पंखा मागंल," एकजण म्हणाला. तिच्या टोळीला कुणी बोलवायचं नाही, असं ठरलं. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. सखूचा पाय माझ्या गाडीवरून पडून मोडला होता, आणि तरीही मी हात वर केला.

निम्म्या बायका दुसऱ्या मुकादमांकडे गेल्या. आत्या उरलेल्यांना घेऊन पायी जाता येईल तेवढ्याच रानांत खुरपायला जाऊ लागली. "आत्या, असं किती दिस? पोटाला काय खायचं?" एकीने विचारलं. "पोटाला कायतरी मिळंल," आत्या म्हणाली. "पाय कुठनं आनायचा?"

इकडे माझे टोमॅटो झाडावर पिकून फुटायला लागले. बाकीच्या टोळ्या अडकलेल्या. शेवटी मी भाड्याची जीप घेऊन, मागच्या बोळाने, गुपचूप तिच्या दारात गेलो. ती अंगण झाडत होती.

"कुठल्या वाटनं आला भाऊ?"

"मागच्या."

"मंग तसंच माघारी जावा. जीप देवळाम्होरं लावा. तितं बसू आमी."

"आत्या, लोक काय म्हणतील?"

"ते ऐकायलाच तर बसायचं हाय!"

लावली जीप देवळासमोर. माझ्याबरोबर हात वर करणारे तिथेच चहा पीत होते. "काय राव, वरात काढली का?" कुणीतरी टोमणा मारला. सगळ्या बायकांना आधी बसवून आत्या शेवटी चढली आणि मोठ्याने म्हणाली, "व्हय, काढली! तुमी बी काढा. नवऱ्या लई हायेत आमच्याकडं!" हंगाम संपेपर्यंत आणखी चार-पाच जणांनी जीप लावली. बाकीच्यांनी शेवटपर्यंत लावली नाही.

पुढे काही वर्षांनी ती अंथरुणाला खिळली आणि निरगुडसरला लेकीकडे राहू लागली. मी भेटायला गेलो. मनावरचं ओझं उतरवायचं होतं. "आत्या, सखूच्या वेळी मी जे बोललो..."

"ते ऱ्हाऊ द्या. यंदा बायका कशात नेता?"

मी टोमॅटोच्या भावाचं बोलू लागलो. जीप वेळेवर मिळाली नाही की मी बायकांना पुन्हा टेम्पोत चढवू लागलो होतो. तिला ते कळलं. आत चूल पेटवणाऱ्या लेकीला ती म्हणाली, "च्या नको टाकू गं. पावन्यांना जायाचं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप लावून मी तिच्या लेकीला फोन केला. "आत्याला सांग, जीप लावली." मागून खोल गेलेला आवाज आला, "आज लावली. उद्याचं इचार त्याला."

ती गेल्याचा निरोप आला तेव्हा बायका माझ्याच रानात तोडा करत होत्या. हातातली कामं टाकून त्या बांधाकडे धावल्या. तिथे रिकामा टेम्पो उभा होता. जीप दुसऱ्या भाड्यावर गेली होती. "आजच्या दिस चला की भाऊ ह्यातनंच. मातीला तरी पोचू," मागून लंगडत आलेली सखू रडत म्हणाली. मी टेम्पोची किल्ली काढून खिशात घातली आणि मागच्या फाळक्याला पाठ लावून उभा राहिलो. जीप आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

निरगुडसरला पोहोचलो, तर चिता विझत आली होती. गाडी दारात असून वेळेवर आला नाहीत, म्हणून तिचे पाहुणे आम्हाला नको नको ते बोलले. बोलू देत.